पाहुणा दुसऱ्यांदा का येतो?

एखाद्या ठिकाणी पहिल्यांदा जायला काय लागतं? एक झकास फोटो, थोडे साठवलेले पैसे आणि सबमिशन संपल्याचा आनंद! पण त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा जायला काय लागतं? तिथे फोटो कामाला येत नाही, कारण फोटो आपणच काढून आणलेला असतो. समुद्र पाहिलेला असतो, डोंगर चढून झालेला असतो. तरीही काही गावांना आपण पुन्हा पुन्हा जातो, आणि काही गावांचं नुसतं नाव काढलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "तिथे नको बाई, दुसरं काहीतरी बघा."

पर्यटनाच्या धंद्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. नव्या माणसाला आणायला जाहिरात करावी लागते. परत येणारा माणूस आपणहून येतो आणि येताना आणखी चार जणांना घेऊन येतो. म्हणूनच "पर्यटक परत का येतो" यावर जगभर अभ्यास चालतो. त्यातलाच एक भाग म्हणजे मुस्लिम पर्यटक. एखाद्या गावी, एखाद्या बेटावर ते एकदा येतात. मग पुन्हा यावंसं त्यांना कशामुळे वाटतं?

हा विषय मी घेतला त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, आम्ही चिपळूणकडचे कोकणी मुसलमान. सहलीला निघायच्या आधी आमच्या घरात जी चर्चा होते, ती हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणींना नवीन वाटते. दुसरं कारण म्हणजे या प्रश्नाचं उत्तर चक्क आपल्या क्वालिटी मॅनेजमेंटच्या पुस्तकात आहे! फक्त ते ओरलला कुणी विचारत नाही.

लोम्बोक : मिरचीच्या नावाचं बेट

उदाहरण म्हणून इंडोनेशियातलं लोम्बोक बेट घेऊ. बाली सगळ्यांना माहीत असतं. बालीच्या पूर्वेला एक सामुद्रधुनी ओलांडली की लोम्बोक येतं. जावानीज भाषेत लोम्बोक म्हणजे मिरची, आणि तिथलं जेवणही तसंच तिखट. बाली हिंदूबहुल, तर लोम्बोकमधले सासाक लोक बहुतांशी मुसलमान. इतक्या मशिदी आहेत की त्याला "हजार मशिदींचं बेट" असंच म्हणतात. मुख्य शहराचं नाव मातराम, हे ऐकून आपल्याला गंमत वाटते. रिंजानी हा ३,७२६ मीटर उंचीचा ज्वालामुखी, सुंदर किनारे, आणि वायव्येला गिली नावाची तीन छोटी बेटं. या गिली बेटांवर पेट्रोलच्या गाड्या नाहीत. घोडागाडी, सायकल नाहीतर पायी. आपलं माथेरान समुद्रात नेऊन ठेवलं तर कसं दिसेल, तसं काहीसं.

शेजारी बालीसारखं जगप्रसिद्ध बेट असताना लोम्बोकला वेगळी ओळख हवी होती. त्यांनी मुस्लिम पर्यटकांकडे मुद्दाम लक्ष दिलं. २०१५ साली अबुधाबीत झालेल्या जागतिक हलाल पर्यटन पुरस्कारांत लोम्बोकला दोन बक्षिसं मिळाली : सर्वोत्तम हलाल पर्यटनस्थळ आणि सर्वोत्तम हलाल हनिमूनचं ठिकाण. २०१६ मध्ये तिथल्या प्रांताने हलाल पर्यटनाचा स्वतंत्र नियमच केला. २०१९ च्या इंडोनेशिया मुस्लिम ट्रॅव्हल इंडेक्समध्ये देशातल्या सगळ्या ठिकाणांत लोम्बोकचा पहिला नंबर आला.

आता बक्षीस वाचून माणूस एकदा येईल. दुसऱ्यांदा येईल का? ते समजायला आधी प्रवाशाच्या गरजा काय असतात ते बघू.

प्रवासाची यादी

क्रेसेंटरेटिंग नावाची सिंगापूरची एक संस्था २००८ पासून याच विषयावर काम करते. २०१५ पासून ती मास्टरकार्डबरोबर देशांची क्रमवारी लावते. तिने मुस्लिम प्रवाशांच्या गरजा तीन गटांत मांडल्या आहेत. "हव्याच" या गटात चार गोष्टी येतात : हलाल जेवण, नमाजाची सोय, पाणी असलेलं स्वच्छतागृह, आणि मुसलमान म्हणून कुणी तिरस्काराने वागवणार नाही याची खात्री. "असल्या तर बरं" या गटात रमजानमधल्या सोयी, स्थानिक मुस्लिम संस्कृती पाहण्याची संधी अशा गोष्टी आहेत. आणि "असल्या तर छानच" या गटात बायकांना मोकळेपणाने पोहता येईल अशी आडोशाची जागा वगैरे.

यातल्या पहिल्या तीन गोष्टी जरा उलगडून सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत.

हलाल म्हटलं की लोकांना फक्त कापण्याची पद्धत आठवते. ती आहेच. पण अडचण बहुतेक वेळा दुसरीकडे येते : सॉसमध्ये वाइन आहे का, केकमध्ये चरबी कुठली, जेलीतलं जिलेटिन कशाचं, आणि डुकराचं मांस तळलेल्या तेलातच बटाटे तळले का. थोडक्यात, जैन मैत्रीण हॉटेलात जे प्रश्न विचारते त्याच जातीचे हे प्रश्न. उलट, दारू न घातलेलं शाकाहारी जेवण आम्हाला चालतंच. मासळीचा तर प्रश्नच नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, भारतातले बाकीचे बहुतेक मुसलमान हनफी. शाफईंना समुद्रातली कोळंबीसुद्धा बिनधास्त चालते, हनफींमध्ये तिच्यावरून मतभेद आहेत. आणि गंमत म्हणजे इंडोनेशियातले मुसलमानही शाफईच! म्हणजे चिपळूणचा माणूस लोम्बोकला गेला तर त्याला ताटातही ओळखीचं वाटतं आणि असरच्या अजानची वेळही घरच्यासारखीच वाटते.

नमाजाचं म्हणाल तर प्रवासात सवलत आहे. चार रकातींची नमाज दोनवर येते. शाफई पद्धतीत दुपारच्या दोन आणि संध्याकाळ-रात्रीच्या दोन नमाजा एकत्र करता येतात. म्हणजे पाच वेळांचे तीन थांबे होतात, प्रत्येकी जेमतेम दहा मिनिटांचे. त्याला लागतं काय? स्वच्छ कोपरा, काबाची दिशा आणि वुजू करायला पाणी. वुजूत हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुवायचे, ओला हात डोक्यावरून फिरवायचा आणि शेवटी पाय धुवायचे. खरी पंचाईत इथेच होते! बेसिन कमरेच्या उंचीवर असतं. त्यात पाय वर करून धुतला की फरशीवर पाणी सांडतं, हॉटेलचा माणूस नाराज होतो आणि आपण ओशाळे होतो. त्यावर उपाय म्हणजे खाली एक नळ आणि खाली एक जाळी. सिव्हिलच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे डिझाइन करेल.

स्वच्छतागृहात पाणी हवं, हे आपल्या लोकांना समजावून सांगायची गरजच नाही. युरोपला जाऊन आलेले काका-काकू राजवाड्यांबद्दल दोन मिनिटं आणि टिश्यू पेपरबद्दल वीस मिनिटं बोलतात. शिवाय आपल्या मराठी टूरवाल्यांनी परदेशात वरण-भाताची सोय केली म्हणून कितीतरी आजी-आजोबांनी आल्प्स पाहिला. आल्प्स तर आधीपासूनच होता, अडलेलं होतं ते भाताशी.

कानोसाहेबांचा आलेख

आता आपल्या अभ्यासाकडे येऊ. नोरिआकी कानो हे जपानी प्राध्यापक. १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की वस्तूचे किंवा सेवेचे सगळे गुण एकसारखे नसतात. त्यातले तीन प्रकार मुख्य.

पहिला, असायलाच हवेत असे गुण. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये पाणी येतं म्हणून आपण कधी वॉर्डन मॅडमचे आभार मानले आहेत का? नाही. पण एक दिवस पाणी गेलं की खाली केवढा मोर्चा! हे गुण असले तर कुणाच्या लक्षात येत नाहीत, नसले तर दुसरं काहीच लक्षात येत नाही.

दुसरा, जितके जास्त तितके बरे असे गुण. वाय-फायचा स्पीड वाढला की खुशी, कमी झाला की शिव्या.

तिसरा, अनपेक्षित आनंदाचे गुण. धो धो पाऊस पडतोय आणि मेसमध्ये अचानक कांदाभजी! कुणी मागितली नव्हती, नसती दिली तरी तक्रार नव्हती. पण ती संध्याकाळ वर्षभर आठवते. मात्र प्रत्येक पावसात भजी द्यायला लागले तर दोन वर्षांत ती पहिल्या प्रकारात जाऊन बसते, आणि एके दिवशी न दिल्याबद्दल तक्रारवहीत नोंद होते. गुण असे सरकत जातात, हेही कानोंच्या मांडणीतच येतं.

हा आलेख डोक्यात ठेवून आता माझ्या मामीचं ऐका. मामा-मामी नोकरीनिमित्त क्वालालंपूरला असतात. २०१७ ला ते लोम्बोकला गेले, २०१९ ला पुन्हा गेले, २०२३ ला तिसऱ्यांदा. मी फोन करून विचारलं, "मामी, एकाच बेटावर तीनतीनदा काय ठेवलंय?" ती म्हणाली, "अगं, ती तालिवांग कोंबडी! भाजलेली, लालभडक तिखट. आणि साडे नावाचं गाव आहे, तिथल्या घरांची जमीन शेणाने सारवतात. मला तर माझ्या आजीचं घर आठवलं. पोरं घोडागाडीतून उतरायला तयार नसतात." पुढे किनारा, विणकाम, रिंजानीवर उतरणारे ढग... दहा मिनिटं झाली, हलाल किंवा नमाज हा शब्दसुद्धा आला नाही. शेवटी मीच विचारलं. तर म्हणते, "ते तर असतंच ना तिथे!"

तिने एका दुसऱ्या देशातली सहलही केली होती, सगळ्यांना आवडतो असा देश. "तो कसा होता?" म्हटलं, तर पहिलंच वाक्य, "खाण्याचे फार हाल झाले गं." डोंगर, बाग, म्युझियम, सगळं त्या एका वाक्याच्या मागे गेलेलं.

माझ्या मते सगळा विषय या दोन उत्तरांत आहे. हलाल जेवण, नमाजाची जागा, पाणी, या पहिल्या प्रकारच्या गोष्टी. त्या नसल्या तर माणूस पुन्हा येत नाही. पण फक्त त्या आहेत म्हणूनही तो पुन्हा येत नाही! परत बोलावतात ते कोंबडी, घोडागाडी आणि सारवलेली जमीन. फक्त ते दिसायला डोकं मोकळं लागतं. "आता जेवायचं कुठे, दिशा कुठली, पाय कुठे धुवायचे" ही यादी डोक्यात सतत चालू असेल तर ढग कोण बघणार?

गुणाकाराचा हिशोब

मग एखाद्या चांगल्या हॉटेलने ही सोय केली की काम झालं का? नाही. इथे रिलायबिलिटीचा तास आठवा. एका माळेत जोडलेल्या भागांची विश्वासार्हता ही प्रत्येक भागाच्या विश्वासार्हतेचा गुणाकार असते. सहलीत आपण दहा ठिकाणी थांबतो : विमानतळ, टॅक्सीचा थांबा, हॉटेल, नाश्ता, धबधबा, दुपारचं जेवण, बाजार, बोटीचा धक्का वगैरे. प्रत्येक ठिकाणी सोय असण्याची शक्यता ९० टक्के धरली, तरी दहाही ठिकाणी अडचण न येण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्केच. आणि ९९ टक्के धरली तर सुमारे ९० टक्के.

म्हणूनच एका पंचतारांकित हॉटेलाने बेट "मुस्लिमांना सोयीचं" होत नाही. इंडोनेशियात पेट्रोल पंपावर, बाजारात, साध्या हॉटेलातही मुसोल्ला नावाची नमाजाची छोटी खोली असते. बऱ्याच हॉटेलांच्या खोल्यांमध्ये छतावर किंवा टेबलाच्या खणात किब्ल्याचा बाण चिकटवलेला असतो. संडासात पाण्याचा जेट असतो. यातलं काहीही महागडं नाही, पण ते सगळीकडे आहे. मामीच्या "असतंच ना" मागे हा सगळीकडेपणा आहे. कुणाला विचारावं लागत नाही. विचारण्यात वाईट काही नाही, पण दिवसातून आठ वेळा विचारलं की माणसाला आपण पाहुणे नसून तक्रारदार आहोत असं वाटायला लागतं.

पाटी, प्रमाणपत्र आणि विश्वास

"हलाल" अशी पाटी लावली की झालं, असं धंदेवाल्यांना वाटतं. पाटीचा उपयोग आहे. इंडोनेशियात हलाल प्रमाणपत्रं द्यायचं काम १९८९ पासून चालू आहे, आणि २०१४ साली त्याचा कायदाही झाला. अनोळखी गावात पहिल्या जेवणाला पाटीच बघावी लागते. पण दुसऱ्या वेळी माणूस पाटी बघत नाही. मागच्या वेळी पाटीप्रमाणे मिळालं होतं का, ते आठवतो. म्हणजे पाटी हे वचन झालं, आणि परत येणं हा त्या वचनाचा रिझल्ट.

५ ऑगस्ट २०१८ ला लोम्बोकला ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. पाचशेहून जास्त माणसं गेली, लाखो बेघर झाली, गिली बेटांवरून हजारो पर्यटकांना बोटींनी हलवावं लागलं. पर्यटनावर पोट असलेल्या बेटाचं अशा वेळी काय होतं याचा विचार करा. बोटवाला, घोडागाडीवाला, माग चालवणारी बाई, सगळ्यांची मिळकत एका झटक्यात थांबते. जाहिरात बघून येणारा नवा पर्यटक अशा ठिकाणी लवकर फिरकत नाही, तो दुसरं बेट निवडतो. येतो तो ओळखीचा. मामा २०१९ ला गेले ते का, असं विचारलं तर म्हणाले, "आपला बोटवाला कसा आहे बघायचं होतं." त्यांनी "आपला" म्हटलं. हा शब्द कुठल्याही प्रमाणपत्रातून येत नाही. परत येणारा पाहुणा म्हणजे यजमानाचा नुसता जास्तीचा फायदा नव्हे, पडत्या काळातला आधारही असतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळे मुसलमान एकसारखे नसतात! माझ्या अब्बांना जिथे दारू मिळते त्या हॉटेलात बसणंच नको असतं. मामाला शुक्रवारची जमात चुकवायची नसते. मामेभावाला सर्फिंगशिवाय काही सुचत नाही. लोम्बोकची खुबी ही की तिथे सगळं एकाच मापाचं नाही. गिली त्रावांगनवर बार आणि पार्ट्या आहेत, गिली आयेर त्यामानाने शांत आहे. कुठे काय आहे ते माहीत असलं की ज्याने त्याने आपलं ठरवावं.

आणि या बेटावर फक्त मुसलमान राहत नाहीत. पश्चिम लोम्बोकमध्ये हिंदू वस्ती आहे. लिंगसार नावाच्या अठराव्या शतकातल्या देवस्थानात हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात, आणि दरवर्षी एकमेकांवर भाताचे मुटके फेकण्याचा उत्सव करतात! एकाची सोय करताना दुसऱ्याच्या ताटात हात घातला तर काय होतं हेही इंडोनेशियाने पाहिलं आहे. २०१९ साली सुमात्रातल्या टोबा सरोवराच्या भागात हलाल पर्यटनाची भाषा सुरू झाली, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती बहुसंख्य बाताक लोकांनी विरोध केला. त्यांच्या खाण्यापिण्यात आणि समारंभात डुकराच्या मांसाला स्थान आहे. ते लपवायचं का, असा त्यांचा सवाल होता. त्यांचं बरोबरच होतं. सोय वाढवणं वेगळं आणि बंदी घालणं वेगळं. आपल्या लायब्ररीला उतार केला म्हणून कुणी पायऱ्या फोडल्या नाहीत. उलट त्या उतारावरून आता आपण सगळे सामानाच्या बॅगा ओढत नेतो. खालचा नळ, पाण्याचा जेट, कशात काय घातलंय ते लिहिलेलं मेनूकार्ड, या गोष्टींचं असंच असतं. बनवलं एकासाठी तरी वापरतात सगळे.

आपल्याकडे

इथून लोम्बोक लांब आहे, म्हणून आता घरचं सांगते. दोन जागांची नावं मुद्दाम लिहीत नाही.

पहिली जागा एका थंड हवेच्या ठिकाणचं हॉटेल. धुकं, थंडी, खोलीतून दरी, सगळं उत्तम. आम्ही शाकाहारी जेवण मागितलं आणि तेल वेगळं आहे का एवढं विचारलं. वेटर म्हणाला, बघून सांगतो. दुसरा म्हणाला, मॅनेजरना विचारा. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, इथे सगळे हेच खातात." कुणी अपमान केला नाही, कुणी ओरडलं नाही. पण अम्मीने दोन दिवस केळी आणि बिस्किटं खाल्ली. ती दरी आमच्या घरात आता कुणी काढत नाही.

दुसरी जागा मालवणजवळचं एक घर. काकू मालवणी, देवघरात गणपती, अंगणात तुळस. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमका काय चालत नाय ता आधी सांगा." मासे चालतात म्हटल्यावर म्हणाल्या, कोंबडीची कढई वेगळी आहे, मासे दुसऱ्या तव्यावर करते. संध्याकाळी अब्बा दिशा शोधायला लागले, तर काकूंनी सरळ सांगितलं, "समुद्राकडे तोंड करून उभे राहा." बरोबरच होतं! कोकणातून काबा पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे येतो, आणि समुद्रही पश्चिमेलाच. दुसऱ्या दिवशी पडवीच्या नळाखाली बादली, मग आणि एक पाट ठेवलेला दिसला. कुणी मागितला नव्हता. आम्ही चार वेळा गेलो आहोत त्या घरी. आणि आठवण काय निघते? काकूंची सोलकढी आणि रात्री दिसलेली चमकती लाट. पाट आणि तवा यांची आठवण मलाच हा लेख लिहिताना आली, कारण ते पहिल्या प्रकारात मोडतात ना!

काकूंकडे प्रमाणपत्र नाही, पाटी नाही. त्यांनी धर्माचा अभ्यास केलेला नाही. त्यांनी फक्त आधी विचारलं, आणि एकदा ऐकलेलं चारही वेळा लक्षात ठेवलं. लोम्बोकच्या प्रांताने नियम करून जे केलं तेच त्यांनी एका पडवीत केलं.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. मुस्लिम पर्यटक परत कशामुळे येतो याचं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. पहिली पायरी गरजांची : खाणं, पाणी, दिशा, कोपरा, आणि कपाळावर आठी नसलेला यजमान. ही पायरी दिसता कामा नये, म्हणजे प्रत्येक ठिकाणी न मागता ती असली पाहिजे. दुसरी पायरी त्या जागेची स्वतःची : तिथली चव, तिथली माणसं, तिथला डोंगर. पहिली चुकली तर दुसरीपर्यंत कुणी पोचतच नाही. आणि नुसती पहिली बांधून ठेवली तर तिथे येऊन बघायचं काय? हेच सूत्र जैन मैत्रिणीला, व्हीलचेअरवरच्या आजोबांना आणि तान्ह्या बाळाच्या आईलाही लावून बघा. फक्त यादी बदलते.

जाता जाता एक सूचना. आपल्या टेकफेस्टला दरवर्षी बाहेरच्या कॉलेजची मुलंमुली येतात आणि दोन रात्री आपल्या हॉस्टेलमध्ये राहतात. यंदा रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर एक ओळ वाढवू या : "तुम्हाला काय चालत नाही?" मेसच्या फळ्यावर भाजीबरोबर ती कशात केली तेही खडूने लिहू या. आणि तळमजल्यावरच्या नळाखाली एक पाट ठेवू या. खर्च पाटाचाच, तोही मेसच्या मावशी देतो म्हणाल्या आहेत. पुढच्या वर्षी तीच मुलं पुन्हा आली, तर समजायचं की पेपर चांगला गेला!